समुद्र आटला तेव्हा

आमच्या घरात दखनी बोलली जाते, शाळेत मी उर्दू शिकवतो आणि सोलापूरच्या बाजारात मराठीत भाव करतो. तिन्ही भाषांत लोकांना हसवता येते, याचा मला अभिमान होता. घरी पाहुणे आले की माझी कळी खुलायची.

अशाच एका दावतीत सालन थोडे खारट झाले होते. मी म्हणालो, "सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, पण आमच्या बेगमच्या हंडीत बारमाही समुद्र आहे!" हशा पिकला. पत्नीही हसली. मग सालन खारट असो वा नसो, प्रत्येक पाहुण्यासमोर मी तोच विनोद सांगू लागलो. तिचे हसणे हळूहळू कमी झाले, ते माझ्या लक्षात आले नाही. पुढे पुढे ती दस्तरखान मांडून आत निघून जाऊ लागली.

एका दुपारी माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी खेळायला आल्या होत्या. मुलगी त्यांना म्हणाली, "हमारी अम्मी सालन नै, समिंदर पकाती!" हुबेहूब माझ्यासारखे हातवारे करून. मुली खिदळल्या. पत्नी त्यांच्यासाठी पोह्यांच्या बश्या घेऊन दारातच उभी होती. तिने बश्या खाली ठेवल्या आणि आत गेली. मुलीला रागवायला मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. हा धडा तिला मीच दिला होता.

रात्री पत्नी एवढेच म्हणाली, "सबको हसाते तुम, अच्छा है. पन हर बार मैंच कायकू?"

मला उत्तर सुचले नाही. बी.एड.ला आम्ही पाठ टाचणात उद्दिष्टे लिहीत असू. पतरस बुखारींचा (1898-1958) 'मरहूम की याद में' हा लेख मी अनेकदा शिकवला आहे. लेखक मित्राकडून जुनाट सायकल घेतो, रस्ताभर फजिती होते आणि शेवटी ती नदीत टाकून देतो. वर्ग हसून लोटपोट होतो. 'विनोदाचा आस्वाद घेणे' हे उद्दिष्ट मी लिहीत आलो. पण पतरस त्या लेखात सर्वांत जास्त स्वतःवर हसतात, हे शिकवताना माझ्या मनाला कधी शिवले नाही.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टवाळी करू नका, वाईट नावे ठेवू नका, अशी ताकीद आहे. ती मी अनेकदा वाचली होती. पण ती बाहेरच्या लोकांसाठी आहे, असेच जणू समजत होतो. पैगंबर साहेबांनी (स.) हजरत आयेशांशी धावण्याची शर्यत लावल्याची हदीस आहे. पहिल्यांदा त्या जिंकल्या, काही काळाने ते जिंकले आणि मागची फिट्टंफाट झाली, असे गमतीने म्हणाले. त्या गमतीत दोघांनाही जिंकायची आणि हरायची संधी होती. माझ्या विनोदात मी कधीच हरत नव्हतो.

माफी मागितली, पण विश्वास लगेच परत येत नाही. पाहुणे आले की तिची नजर माझ्या तोंडाकडे असायची. मी स्वतःच्या फजित्या सांगू लागलो. अशाच एका रविवारी सालन मी केले. कांदा चिरताना रडलो, मसाला करपवला आणि मीठ टाकायचे साफ विसरलो. पाहुणे संकोचाने गप्प बसून जेवत होते. पत्नीने घास तोंडात घातला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अजी, आज तो समिंदर सूख गया!"

सर्वांत मोठ्याने मी हसलो. कित्येक महिन्यांनी ती पाहुण्यांसमोर मनापासून हसत होती. मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मग उठून तिने मिठाची वाटी आणली आणि आधी माझ्यापुढे ठेवली.