एका दिवसाचे पंतप्रधान

मैत्रिणींनो, सुट्टीत सिल्व्हासाला निघालात तर जोगेश्वरीहून लोकलनं बोरिवली गाठा आणि तिथून वापीला थांबणारी गाडी धरा. पुढच्या रस्त्यावर आधी दादरा लागतं, मग पुन्हा थोडा गुजरात, मग नगर हवेली. मुलं विचारतीलच, हे असे तुकडे कसे पडले?

मराठ्यांनी पोर्तुगीजांचं एक जहाज पकडलं होतं. त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी १७७९ च्या तहानं वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं त्यांना लावून दिली. आंबे दिले होते हो, झाड नव्हे! पण १८१८ साली पेशवाई बुडाली, पोर्तुगीज झाडाचेच मालक होऊन बसले आणि इंग्रजांनी ते मान्य केलं.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासा मुक्त झालं. त्या लढ्यात बाबासाहेब पुरंदरे होते, सुधीर फडकेही होते. (हो, आपले बाबूजीच!) पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलं. १९६० च्या निकालात तहानं फक्त महसूल मिळाला होता, हे न्यायालयानं मानलं. पण पुढं मालकी मान्य झाली होती, हेही म्हटलं. सैन्य न्यायला वाट मात्र नाकारली.

मग तिथल्या वारली बाईनं गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? लिस्बनचं सरकार येऊ शकत नव्हतं, दिल्लीचं कायद्यानं आलेलं नव्हतं. सात वर्षं कारभार पाहिला तो वरिष्ठ पंचायत आणि तिच्या प्रशासकानं.

शेवटी ऑगस्ट १९६१ मध्ये के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान केलं, कारण नेहरूंबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही करायला बरोबरीचा माणूस हवा होता!