पोलरॉइड नसताना

मामूंचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा माझ्या वाट्याला चार बाय पाच इंची फिल्मचा कॅमेरा, १५० मिलिमीटरची लेन्स, दोन फिल्म होल्डर आणि एक रिकामा पोलरॉइड होल्डर आला. शेवटची वस्तू आता नुसती आठवण. पोलरॉइडने २००८ मध्ये इन्स्टंट फिल्मचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०१६ मध्ये फुजीनेही एफपी-१००सी बंद करत असल्याचं सांगितलं.

मामू खऱ्या फिल्मआधी एक पोलरॉइड काढत. थोडा वेळ थांबून कागद सोलला, की हिशोब कुठे चुकला ते समोर. बी.एड.ला आम्ही सूक्ष्म अध्यापन करायचो, तसंच हे. पाच-सहा मिनिटांचा पाठ, मग चुका ऐकायच्या आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. माझ्याकडे मात्र थेट वार्षिक परीक्षा होती.

मला अम्मींचे हात टिपायचे होते. तसबीह धरलेले, खिडकीच्या उजेडातले. अलीकडे ते हात थरथरायला लागलेत, म्हणून घाई.

पहिल्या वेळी मी लाइटमीटर सरळ हातांकडे रोखला. चौकटीत अम्मींचा पांढरा दुपट्टा बराच होता. मीटरला पांढरं आणि करडं यातला फरक कळत नाही. त्याने एफ-१६ ला १/१५ सेकंद सांगितलं आणि मी ऐकलं. निगेटिव्ह धुतली तर जवळजवळ कोरी काच! अम्मी तासभर बसल्या होत्या. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या वेळी आधी पाठ टाचण काढलं. बाहीच्या चुणीतली सावली स्वतंत्र मोजली: १ सेकंद. पण मीटर सावलीलाही करडी करून टाकतो. ती सावली म्हणूनच दिसावी म्हणून दोन स्टॉप कमी केले: १/४ सेकंद. मग भाता मोजला. जवळच्या वस्तूसाठी तो लांबवावा लागतो आणि लांबला की फिल्मवरचा उजेड कमी होतो. माझा भाता २१० मिलिमीटर. २१० भागिले १५०, त्याचा वर्ग, जवळजवळ २. म्हणजे वेळ दुप्पट: १/२ सेकंद. पहिल्या वेळी ही दुरुस्ती विसरलोच होतो. दोन्ही चुका मिळून तीन स्टॉपचा घाटा.

खात्रीसाठी एका विद्यार्थ्याचा डिजिटल कॅमेरा आणला. फिल्मइतकाच वेग ४००, एफ-१६ आणि १/४ सेकंद. थोडं लांबून काढलं, त्यामुळे भात्याची दुरुस्ती इथे नको. पडद्यावर चुणीतले धागे दिसले. दुपट्टा मात्र पांढराफटक. हे ताडून पाहायला उपयोगी, पण डोळे झाकून मानायचं नाही. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड बराच सोसते. सावलीत जे उमटलंच नाही, ते नंतर कशानेही आणता येत नाही.

मग एकाच हिशोबाने दोन शीट काढल्या आणि एकच धुतली. पोलरॉइडच्या जागी मला सापडलेला खरा उपाय हाच. सावली नीट होती, दुपट्टा जरा जड. दुसऱ्या शीटला डेव्हलपरमध्ये वेळ थोडा कमी दिला आणि दुपट्ट्याचं विणकाम दिसू लागलं.

प्रिंट अम्मींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली. अंगठ्याखालचा एक मणी पुसट झाला होता.

"अम्मी, हिलो मत बोला था ना?"

"हिली कहाँ रे? पढ रही थी," त्या म्हणाल्या.

त्या अर्ध्या सेकंदाचा हिशोब माझ्या टाचणात नव्हता. ती प्रिंट मी तशीच फ्रेम केली.