दाखला

ग्रामसेवकाला आमच्याकडं गाव 'भाऊसाहेब' म्हणत आलंय. जात, वय काही असो, दप्तर हातात आलं की तो भाऊसाहेब. सातारा जिल्ह्यात नोकरी केली तेवढी वर्षं मीही भाऊसाहेबच होतो. निवडणूक लागली की मात्र मी मुलाणी व्हायचो.

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. मत जरूर द्यावं, पण कुणाला देणार, कुणाला दिलं याची खूण दिसू देऊ नये. अंगावर, गाडीवर, घरावर चिन्ह नको. (२०२४ ला सांगली लोकसभेला विशाल पाटलांचं चिन्ह लिफाफा होतं. मी निवृत्त होतो म्हणून बरं, नाहीतर टपालाचे लिफाफे कुठं लपवले असते!) नियम चांगला आहे. पण काहींचं मत नावावरूनच वाचलं जातं, हे त्यात धरलेलं नाही. पारावर एकदा कुणी सहज म्हणालं, "भाऊसाहेबांचं काय, त्यांचं ठरलेलंच असतंय." ते चूक आहे हे सांगायचं तर मत सांगावं लागलं असतं. मी हसून गप्प बसलो.

सप्टेंबर २००९ मध्ये, विधानसभा तोंडावर असताना, अफजलखान वधाच्या कमानीवरून मिरजेत दंगल पेटली. माझं घर मिरजेत, बायकापोरं संचारबंदीत. मी इकडं दप्तर मांडून बसलेलो. लोक दाखला न्यायला यायचे आणि काम झालं तरी रेंगाळायचे. मी काही बोलतो का, बघायला.

पुढं ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीत बायकोचा मावसभाऊ उभा राहिला. त्या गावच्या मोहल्ल्यातून पहिलाच उमेदवार. त्याची पाणीपट्टी थकलेली. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा अपात्र ठरतो, हे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बिल मीच बजावलेलं, त्याच्या सहीची पोच फायलीत. तीन महिने उलटून गेलेले. रात्री तो खोलीवर आला. "दुल्हाभाई, पैसे पुरे लाया मैं. बस पावतीपर तारीख पिछली डालो."

रक्कम किरकोळ होती. असं कसं करतात हे दप्तरात कुणाला ठाऊक नसतं? मी पैसे घेतले आणि त्याच दिवसाची पावती फाडली. दाखल्यावर भरणा कधी झाला ते लिहिलं. छाननीत त्याचा अर्ज बाद झाला.

दुसऱ्या दिवशी विरुद्ध पॅनेलच्या पुढाऱ्यानं पेढ्यांचा पुडा पाठवला. तो परत करताना मला खरा राग आला. मोहल्ला म्हणत होता, बदलीच्या भीतीनं विकला गेला. पुढारी म्हणत होते, आपला झाला. पावतीवरच्या एका तारखेत दोघांनीही माझं मत वाचलं होतं.

तो निवडून आला असता तर मोहल्ल्यात गटार झाली असती, हे मला कळत होतं. बदली होईपर्यंत मी तो विषय दोनदा ग्रामसभेपुढं ठेवला. दोन्हीदा मागं राहिला.

बायकोनं मला काहीच विचारलं नाही. त्या ईदला मावशीकडून शिरखुर्म्याचा डबा आला नाही. मागच्या वर्षी आलेला डबा धुऊन आमच्याकडंच होता. तो अजून फळीवर आहे.