एक किलोमीटर मला

घटस्थापना आठवड्यावर आली. पहाटे जेहान सर्कलपासून सोमेश्वरपर्यंत पळालो. गंगापूर रोड तेवढ्या वेळापुरताच आपला असतो. धाप लागली, पण डोक्यात एकच: यंदा मंडळाच्या ज्योतीबरोबर जायचं. सप्तशृंग गडावर पेटवायची, नांदुरीचा घाट उतरायचा, वणी, दिंडोरी करत रातोरात नाशिक. साधारण ६० किलोमीटर. एक जण अनवाणी पळतो, बाकीचे टेम्पोत. दम संपला की ज्योत दुसऱ्याच्या हातात. तेलाचा डबा सांभाळणाऱ्याचं मात्र कुणी नाव घेत नाही.

नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ अशीच आळीपाळीनं, रात्रंदिवस सायकल हाणत पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत! तेव्हा भारावून मीही सायकल घेतली. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात.

मंडळातली पोरं विशीची, मी सत्तेचाळीसचा. “काका, तुम्ही टेम्पोतच बसा,” म्हणतील. बसेन. डबाही धरेन. पण दिंडोरी मागे पडली, सगळे पेंगायला लागले, की एक किलोमीटर मला द्या रे.