दोनशे डब्यांची गाडी

जादुई वास्तववादी कादंबरीत इतिहास कुठे संपला आणि कल्पना कुठे सुरू झाली, हे शोधायला गेलं की गाब्रिएल गार्सिया मार्केझ हमखास चकवतो. जे अशक्य वाटतं, त्याचं मूळ बऱ्याचदा दफ्तरात सापडतं. १९२८च्या नोव्हेंबरात कोलंबियात युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीबागांतले मजूर संपावर गेले. आठवड्याची सुट्टी द्या, मजुरी दुकानाच्या चिठ्ठ्यांऐवजी रोखीनं द्या, अशा त्यांच्या मागण्या. मजूर मुकादमांमार्फत लावलेले, म्हणून ते आमचे नोकरच नव्हेत, हा कंपनीचा पवित्रा. १९६७च्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये कोर्टच निकाल देतं, की कंपनीकडे मजूर कधी नव्हतेच. कायद्याच्या पळवाटेला मार्केझनं फक्त शेवटापर्यंत चालत नेलं. मला ही या कलेची खरी रीत वाटते: अद्भुताचं बी कागदातच असावं लागतं.

डिसेंबरात सिएनागाच्या स्टेशनापाशी सैन्यानं जमावावर गोळ्या झाडल्या. जनरल कार्लोस कोर्तेस वार्गासनं पुढे सत्तेचाळीस मृत मान्य केले. अमेरिकी दूतावासानं हजाराहून अधिक कळवले. कादंबरीत जनरलचं नाव खरंच ठेवलंय, मृत मात्र तीन हजार, आणि प्रेतं समुद्राकडे नेणारी दोनशे डब्यांची गाडी. इथे आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे: तीन हजार हा आकडा पुढे लोक इतिहास म्हणून सांगू लागले. गाडी भरायची तर तेवढी माणसं लागणारच, अशी कबुली खुद्द मार्केझनं नंतर दिली. फुगवलेला आकडा उघडा पडला, की हत्याकांड नाकारणाऱ्यांचं फावतं, हेही खरं. म्हणून कादंबरीचा आकडा पुरावा म्हणून कुणी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण कादंबरीत तो आकडा येतो कुणाकडून, हे पाहायला हवं. निवेदक त्याच्यावर शिक्का मारत नाही. प्रेतांच्या ढिगावर शुद्धीवर आलेला होसे आर्कादिओ सेगुंदो तो सांगत राहतो, आणि गाव म्हणतं, इथे कुणी मेलंच नाही. मोजदाद करू देणारी सत्ताच नसेल, तर एका माणसाच्या आठवणीला किती वजन द्यायचं, हा प्रश्न मार्केझ वाचकाच्या हाती ठेवतो. आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी जादू त्या गाडीत नाहीच. पुढे सैनिक घराची झडती घेतात. अधिकारी कंदील घेऊन खोलीत येतो, सेगुंदो बसलाय नेमक्या त्या जागेकडे पाहतो, आणि त्याला तिथे कुणीच दिसत नाही.