गळ, बाबा आणि पाताळगंगा

सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफी मशीनपाशी ठरलेला प्रश्न असतो, 'काय मग, वीकएन्डला काय केलंस?' कुणी मॉल सांगतं, कुणी मल्टिप्लेक्स, कुणी कर्जतचं फार्महाऊस. मी म्हटलं, 'गळ टाकून बसले होते.' 'मग, काय मिळालं?' 'काही नाही.' पुढच्या सोमवारीही तेच. तिसऱ्या सोमवारी मला कुणी विचारलंच नाही.

तर मंडळी, नवशिक्यानं मासे धरायची जागा कशी शोधावी यावर मी तुम्हाला बरंच सांगू शकते. चुकीच्या जागा मी अगदी मनापासून शोधल्या आहेत!

मी मूळची खोपोलीची. बाबा तिथल्या एका कारखान्यात शिफ्ट करायचे आणि सुट्टी मिळाली की काठी घेऊन पाताळगंगेवर जायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं एकेका शब्दावर आलं. तेव्हापासून ते टीव्हीसमोर बसून असतात, टीव्ही बंद असला तरी. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना आईला त्यांची काठी सापडली. बाबांनी ती डाव्या हातात धरली आणि म्हणाले, 'तिकडे.' तिकडे म्हणजे कुठे, ते मात्र त्यांना सांगता येईना. आईलाही ठाऊक नव्हतं, कारण तिला कधी नेलंच नव्हतं. (हा विषय आमच्याकडे वेगळा आहे.)

मी ठाण्यात राहते, नोकरी ऐरोलीत. गांडुळाला आयुष्यात हात लावलेला नाही. पण म्हटलं, शोधू.

सुरुवात सोपी केली. कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसलं की पहिलं स्टेशन पळसदरी, आणि जवळच तलाव. रविवारी तिथे माशांपेक्षा माणसं जास्त, त्यात कुणीतरी स्पीकर आणलेला. मग चौकजवळचं मोरबे धरण. ते नवी मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं, तिथे मला गळ टाकायला कोण सोडणार? शिवाय एक गोष्ट मला उशिरा कळली. तलावा-धरणांतली मासेमारी बऱ्याच ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाकडून सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. काठावर बसण्याआधी विचारावं, हे बरं. नेरळच्या सगुणा बागेसारख्या ठिकाणी तळी आहेत, लहान मुलांना घेऊन जायला छानच. पण बाबांचं 'तिकडे' म्हणजे तिकीट काढून बसायची जागा नसणार, एवढं मला कळत होतं.

एका शनिवारी पेज नदी बघायला म्हणून भिवपुरी रोड स्टेशनला उतरले. भिवपुरीचं पॉवरहाऊस इथेच कुठेतरी असणार, असा माझा समज. रिक्षावाला म्हणाला, 'ताई, भिवपुरी गाव वेगळं, स्टेशन वेगळं.' आणि त्यानं भाडं सांगितलं. मी परतीची लोकल पकडली.

पण पॉवरहाऊसचा धागा बरोबर होता. मार्चनंतर आपल्याकडच्या बहुतेक ओढ्यानद्यांत दगडच दिसतात. पेज आणि पाताळगंगा मात्र उन्हाळ्यातही वाहतात, कारण घाटावर साठवलेलं पाणी पाइपांतून खाली येतं, वीज करतं आणि या नद्यांत सुटतं. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र 1915 पासूनचं, भिवपुरीचं 1922 चं. म्हणजे पाताळगंगेला पाणी येतं ते लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांतून. विजेची मागणी वाढली की जास्त पाणी सुटतं. आपण ऑफिसात एसी वाढवायचा आणि तिकडे नदी वाढायची, असा हिशेब.

जागा शेवटी दाखवली ती एका कातकरी आजोबांनी. त्यांच्याकडे ना काठी, ना रीळ. रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळलेला, एक गळ, आणि शिसं म्हणून एक नट. माझी नवी कोरी फायबरची काठी त्यांनी बघितली आणि सभ्यपणे नजर फिरवली. म्हणाले, धावत्या पाण्यात नको, साचलेल्यात नको. दोन्ही जिथे भेटतात तिथे टाक. खंड्या रोज कुठे बसतो ते बघ. काठावर उंबर असेल तर त्याखाली बस, फळं पडतात, मासा वाट बघत असतो. चिलापीला पिठाची गोळी चालते, शिंगटीला गांडूळ लागतं, आणि शिंगटी काढताना काटा सांभाळायचा, फार ठणकतो. हे सगळं त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. मी ऑफिसात दोन महिने फुकटच सर्च करत बसले होते.

माझी यादी मात्र त्यांच्यापेक्षा थोडी लांब होती. गाडी वीस पावलांवर पोचली पाहिजे. खुर्ची डगमगता कामा नये. सावली हवी. आणि रसायनीच्या वर, कारण खालच्या औद्योगिक पट्ट्यातला मासा बाबा कधीच घरी आणायचे नाहीत. पावसाळा तर बादच. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून शेतात चढायचे, लहानपणी आम्ही ते ताव मारून खाल्लेत. पोटात गाबोळी असते, ते अंडी घालायलाच निघालेले असतात, हे कळल्यावर बाबांनी एके वर्षी ते आणणं बंद केलं. आजी महिनाभर रुसली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी बाबांना घेऊन गेले. उंबराखाली सपाट खडकावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, त्यांना बसवलं, मी खालच्या दगडावर उतरले. बाबा म्हणाले, 'पाणी.' मी बाटली दिली. त्यांनी ती ढकलली. 'पाणी!' मी झाकण उघडून दिलं. ते चिडले. डाव्या हातानं खडकाकडे दाखवायला लागले. बघितलं तर माझ्या गुडघ्याच्या उंचीवर खडकावर एक काळी ओली रेघ होती, त्याखाली शेवाळ, वर कोरडा दगड. 'येतं,' बाबा म्हणाले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खुर्ची उचलून आम्ही वर, मातीच्या काठावर गेलो. अर्ध्या तासात माझा दगड पाण्याखाली होता, खुर्चीची जागाही ओली. आवाज काही नाही, लाट नाही. मला पोहता येतं. बाबांना खुर्चीवरून एकट्यानं उठताही येत नाही.

त्यानंतर मी बराच वेळ गळाकडे बघितलंच नाही, नुसती त्या रेघेकडे बघत बसले. बाबा मात्र मजेत होते. काठी त्यांनी डाव्या काखेत अडकवली होती, आणि तंगूस ताणला तो त्यांनाच आधी कळला. रीळ मी फिरवलं. तळहाताएवढी चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, आपल्याकडे इतका माजलाय की कुणी लाड करत नाही. बाबांनी तिला निरखून बघितलं. 'लहान,' म्हणाले. सोडून दिली.

निघताना विचारलं, 'बाबा, तुम्ही म्हणत होता ती हीच का जागा?' त्यांनी मान हलवली. नाही. मग डावा हात वर करून नदीच्या वळणापलीकडे दाखवलं.

तिकडे गाडी जाते की नाही, ते आता शनिवारी बघून येणार आहे.