थॅनोसला कारण नव्हतं तेव्हा

खलनायकाला पटण्याजोगं कारण असावं, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' 27 एप्रिल 2018 ला भारतात लागला, तेव्हा माझ्या या मताला पुरावाच सापडला. टायटनवरचा थॅनोस. त्याच्या जगात तोंडं वाढली, अन्न पुरेना, सगळं उजाड झालं. म्हणून त्याचा उपाय असा, की विश्वातले अर्धे जीव चिठ्ठ्या टाकल्यासारखे, श्रीमंत-गरीब न बघता, संपवायचे. उरलेले सुखात राहतील. सिनेमा बघून आम्ही मित्र वसमत रोडला चहा घेत उभे होतो, आणि 'माणूस वाईट, पण बोलतो खरं' यावर सगळ्यांचं एकमत झालं. परभणीत हे वाक्य नवीन नाही. बँकेची रांग असो, सरकारी दवाखान्यातली गर्दी असो की भरतीचे अर्ज, 'माणसं फार झाली' हे कोणीतरी म्हणतंच.

नंतर भाच्याने टॅबलेटवर मूळ अंक दाखवला. 'आयर्न मॅन'चा 55 वा, फेब्रुवारी 1973 ची तारीख, किंमत 20 सेंट. थॅनोस पहिल्यांदा दिसला तो यात. मी इंद्रजाल कॉमिक्सवर, म्हणजे वेताळ आणि मँड्रेकवर वाढलेला. मार्व्हलची ही मंडळी मला पडद्यावरूनच माहीत झाली, त्यामुळे मोठ्या अपेक्षेने वाचायला घेतलं आणि हसू आलं. अंकाचं शीर्षकसुद्धा थॅनोसच्या नावावर नाही, ब्लड ब्रदर्स या त्याच्या दोन दांडग्यांच्या नावावर आहे. कैदेतला ड्रॅक्स मनोमन आयर्न मॅनला हाक मारतो आणि टायटनचा सगळा इतिहास काही पानांत उरकतो: बाप मेंटर, भाऊ इरॉस, आजोबा क्रोनॉस. घराण्याची ओळख करून देताना लग्नाच्या मांडवातही इतकी घाई होत नाही.

जिम स्टार्लिन तेव्हा नवखा चित्रकार होता. नौदलातून सुटल्यावर त्याने कॉलेजात मानसशास्त्राचा वर्ग केला होता आणि फ्रॉइडच्या मृत्यूप्रेरणेवरून हे पात्र तिथेच सुचलं, असं तो सांगतो. सुरुवातीच्या रेखाटनांत थॅनोस सडपातळ होता, जॅक कर्बीच्या मेट्रॉनच्या वळणाचा. संपादक रॉय थॉमस यांनी सुचवलं की उचलायचंच तर कर्बीचा डार्कसाइड उचल आणि याला धष्टपुष्ट कर. म्हणजे मूळ माल उसना. असल्या अंकात हा थॅनोस कशासाठी मारतो, तर सत्तेची आणि नाशाची हौस म्हणून. मी भाच्याला म्हणालो, "सिनेमावाल्यांनी बिचाऱ्याला डोकं दिलं."

हे मत बदललं ते अंकावरच्या तारखेमुळे. फेब्रुवारी 1973 हा महिना आमच्या घरात कॉमिक्ससाठी कोणी लक्षात ठेवलेला नाही. दुष्काळ ऐन भरात होता. माझा जन्म व्हायचा होता. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मजुरीखेरीज सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. "भाकर थापता येईना, तुकडे पडायचे. पण खाल्ली बाबा," एवढंच ती त्याबद्दल सांगते. त्याच हिवाळ्यात अमेरिकेत थॅनोस छापला गेला आणि इकडे मिलो उतरली, हा नुसता योगायोग आहे. पण तो डोक्यातून जाईना.

कारण पडद्यावरच्या थॅनोसचा हिशोब तेव्हाच्या मराठवाड्याला तंतोतंत लागू पडतो. अन्न कमी, तोंडं जास्त. 1971 च्या जनगणनेत देशात 54.8 कोटी माणसं होती, आणि एवढीसुद्धा जगणार नाहीत असं सांगणारी पुस्तकं पाश्चात्त्य देशांत खपत होती. मग झालं काय? मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या घरात माणसं होती. हाल झाले, गोठे रिकामे झाले. पण गावंच्या गावं भुकेने मेली नाहीत. रस्ते झाले, पाझर तलाव झाले. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना या अनुभवातून पक्की झाली आणि 1977 ला तिचा कायदा झाला. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 च्या मे महिन्यातलं. 'परभणी मोती' ज्वारी पुढे तिथूनच आली. लोकसंख्या दुपटीच्या वर गेली आणि ताटात मिलो मात्र राहिली नाही.

मग मला त्या चहाच्या गप्पा आठवल्या. अर्धे जायचे तर त्यात आपण असू, असं आमच्यापैकी एकही जण म्हणाला नव्हता. 1973 मध्ये 'जास्तीची तोंडं' मोजायला कोणी बसलं असतं, तर त्याने पहिलं बोट खडी फोडणाऱ्या बाईकडे केलं असतं.

म्हणून आता मला तो उसना, घाईत काढलेला थॅनोस जास्त प्रामाणिक वाटतो. तो अंक वाचून 'याचं म्हणणं बरोबर आहे' असं म्हणत कोणी उठणार नाही. त्याच्या हातात वाचकाला उचलून घरी नेता येईल असं काही नाही. सिनेमाने त्याला डोकं दिलं खरं, पण ते आमच्याच रांगेतून उचललं, म्हणून तर आम्हाला ते इतकं ओळखीचं वाटलं.

भाच्याला हे मान्य नाही. त्याने लगेच दाखवून दिलं की लोकसंख्येचा मुद्दा सिनेमाचा नाहीच. 1990 च्या 'सिल्व्हर सर्फर'च्या अंकांत स्टार्लिननेच तो थॅनोसच्या तोंडी घातला, आणि 1991 च्या 'इन्फिनिटी गॉन्टलेट'मध्ये तो अर्धं विश्व संपवतो. हे खरं आहे. पण तिथे तो मृत्यूदेवतेच्या प्रेमात आंधळा झालेला आहे, हिशोब तिला रिझवण्यासाठी मांडलेला. वेडाच्या तोंडचा हिशोब वाचक वेड म्हणूनच ऐकतो, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणतो, "मामा, तुम्हाला व्हिलन नकोच आहे, तुम्हाला राक्षस पाहिजे." असेल. त्याच्या टॅबलेटवरचे पुढचे अंक मी अजून वाचतोय.